वातींचा कापूस

आंजी मोठी, २००४

मयुरीच्या बाबाले कुंदाचा नमस्कार.

कॅन्सरनं एक छाती गेली. आता पोटाचं मांस घेऊन ती परत करून देतात म्हणे, अन् तुमी नागपूरच्या डॉक्टरची तारीखही घेऊन ठेवली. मले पुन्हा कापून घ्यायची ताकद नाई.

ब्लाउजमध्ये मी भरतो तो कापूस काल उन्हात टाकलता. तुमच्या आईनं देवाचा समजून त्याच्या वाती वळल्या, दिवाही लावला. तो कशाचा, ते मी सांगितलं. मग म्हणाल्या, "दाखव बाई." मी पदर काढला. टाक्यांवरून हळूच हात फिरवत म्हणाल्या, "खूप दुखलं असन."

तुमी सुट्टीत घरी येता, पण वर्षभरात एकदाही तिकडे पाह्यलं नाई. मग नवीन करून कोणाले दाखवू?

हे टपालात टाकन का नाई, माहीत नाई.

थकलेली,
कुंदा