नाडी साठवर आली म्हणून

तीर्थरूप बाबांना दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वॉर्डातली मोठी सिस्टर हल्ली कामावरून माझ्यावर खेकसत नाही, जेवणही वेळेवर होतं.

ताईचं पत्र आलं. नाडी बरोबर साठ भरली, म्हणून तुम्ही हृदयाची गोळी बंद केलीत म्हणे! बाबा, हे फक्त घड्याळं दुरुस्त करणाऱ्यालाच सुचू शकतं. ती गोळी हृदयाला लगाम घालते. लगाम एकदम सोडला की ते उधळतं. आजच ताईला घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि काय म्हणाले ते लगेच कळवा.

लघवीसाठीची दुसरी गोळी रक्तवाहिन्याही सैल करते, म्हणून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पलंगाच्या कडेला जरा बसत जा. अजून स्टुलावर चढून भिंतीवरची घड्याळं काढता का?

लहानपणी दुकानात तुम्ही माझी बोटं तुमच्या मनगटावर ठेवायचात आणि सेकंदकाट्याकडे बघत ठोके मोजायला लावायचात. मी हसले की पुन्हा पहिल्यापासून! आता पेशंटला ती हृदयाची गोळी देण्याआधी मी तशीच नाडी मोजते, तुम्ही दिलेल्या घड्याळावर. मग तुमच्या दुकानातला तेलाचा वास येतो.

गिऱ्हाइकांना तुम्हीच बजावायचात ना, "चालतंय म्हणून चावी चुकवू नका, चावी देताय म्हणून ते चालतंय"?

मी रोज सकाळी न चुकता चावी देते, बाबा.

तुमची,
मोजताना हसणारी