गाडीची झूल

प्रिय जिपारा,

आधी कबुली देतो. तुझ्या गाडीच्या बॉनेटवरचा रोटीएवढा रंग माझ्यामुळे गेला.

"बाबा माझ्या शेजारी बसतील तेव्हाच चालवीन," म्हणत तू किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवलीस आणि डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी बसने बिश्केकला गेलीस. हट्ट माझाच घेतलायस. पहिला बर्फ पडला, तेव्हा वाटलं, आपल्या तंबूवरची लोकरीची जाड चादर माणसांना ऊब देते, गाडीला का नाही देणार? शेजारच्या सातारला हाताशी घेऊन ती गाडीवर चढवली आणि तंबूच्याच दोऱ्यांनी आवळली. तुझी आई म्हणाली, "जपून हं, पोरीच्या कष्टाची आहे." मी म्हटलं, "चाळीस वर्षं तंबू उभारतोय, मला नको शिकवूस!"

लोकर पाणी प्यायली, गोठली, पत्र्याला चिकटली. मी ओढली. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

मग नारीनच्या बाजारात गेलो. गाड्यांची आवरणं विकणाऱ्या दुकानातल्या गुलसूनबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "आजोबा, घामेजल्या घोड्यावर झूल टाकता का?" "छे! आजारी पडेल." "मग ओल्या गाडीवर कशी टाकलीत?" घोड्यांच्या बाबतीत मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं! पाऊस अडवेल पण आतली वाफ बाहेर सोडेल असं कापड, आतून मऊ अस्तर, आरशांना खिसे, पोटाखालून बांधायचा पट्टा, सगळं त्यांनी दाखवलं. मी एक माप मोठंच मागितलं, तर म्हणाल्या, "ढगळ झूल वाऱ्यात फडफडते, रंग घासते. माप घेऊन या." दुसऱ्या दिवशी घोड्याच्या दोरीला गाठी मारून तुझ्या गाडीची लांबी घेऊन गेलो. सातार अजून हसतोय.

आता ऊन पडलं की झूल काढतो, वाळवतो, गाडीवरची धूळ ओल्या फडक्याने टिपतो आणि गाडी कोरडी झाली की मगच परत घालतो. येणारेजाणारे विचारतात, "कुणाची हो?" "माझ्या लेकीची. डॉक्टर आहे." जे विचारत नाहीत त्यांनाही सांगतो. छाती फुगते बघ सांगताना. सातार म्हणतो, "बॉनेटपेक्षा तुझ्याच तोंडाला झूल घाल."

तू गाडी घेतलीस तेव्हा सगळ्या गल्लीसमोर मी म्हणालो होतो, मुलीने चालवलेल्या गाडीत बसणार नाही. चुकलो, पोरी. तेव्हाही तुझा अभिमान होताच, पण लोक काय म्हणतील याला घाबरलो. शनिवारी तू शिक्षण पुरं करून येतेयस, म्हणून हे पत्र. बसथांब्यावर किल्ली घेऊन उभा असेन. घरी आलो की झूल आपण दोघं मिळून काढू. मग तू चालव, मी शेजारी बसतो. बाजारातून जाऊ, अगदी हळू, आणि काच खाली ठेव, सगळ्यांना दिसू दे.

तुझाच, शेजारच्या सीटवरचा,
बाबा