पाण्याच्या टाकीचं पितळी झाकण

सन्माननीय व्याहीबुवांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात तो आता जमत नाही, तेव्हा कागदावरचा गोड मानून घ्यावा.) आपला खोकला कसा आहे? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का? आणि तुमची सून, म्हणजे आमची धाकटी, वेळेवर चहा देते ना? देत नसेल तर तो दोष आमच्या संस्कारांचा, तिचा नव्हे. मुलीच्या बापाने पत्र कसं लिहावं हे मला कुणी शिकवलेलं नाही, पण एवढी नम्रता बहुधा पुरेशी असावी. तशी गंमतच आहे. एकतीस वर्षं एका इंजिनावर मी ड्रायव्हर आणि तुम्ही फायरमन. तेव्हा "अरे ए, कोळसा टाक की, झोपलास काय?" यापलीकडे मी तुम्हाला कधी काही म्हटल्याचं आठवत नाही. मग तुमच्या चिरंजीवाने आमची मुलगी पसंत केली आणि एका दुपारीत "अरे"चं "अहो" झालं. त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी विसरलेलो नाही. असो.

पत्रास कारण आपली थोरली. (आमच्या घरी इंजिनाला थोरली म्हणतात हे आपण जाणताच. धाकटीला याचा लहानपणी फार राग यायचा.) ती शेडच्या मागे नऊ वर्षं गवतात उभी होती. बॉयलर तपासणीत नापास, आणि कोळशाच्या ठिणग्यांनी टेकडीवरचं रान पेटेल म्हणून कोळशाला कायमची बंदी. तरी तळ्यापासून टेकडीपर्यंत हौशी लोकांची गाडी पुन्हा सुरू करायची असं वरून ठरलं, आणि थोरलीला डिझेलवर आणायचं काम एका इंजिनिअरबाईंकडे आलं. वय आपल्या धाकटीएवढं, केस कापलेले, बोटं मात्र आपल्यासारखी, नखांत वंगण. त्यांनी बॉयलरच्या सगळ्या नळ्या उपटून काढल्या आणि त्या पोकळीत एक डिझेलचं धूड बसवलं. चिमणीत धूर सोडणारं एक यंत्र, तेही बॅटरीवर. शिट्टी जुनीच, पण तिच्यात आता वाफेऐवजी दाबलेली हवा. मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. मी सल्ला दिला की असं करू नका. बाईंनी तो वहीत उतरून घेतला आणि मला एक पाना धरायला दिला. महिनाभर मी तो धरून होतो.

खरं सांगू? पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आठवतं, चढावर ती कशी बोलायची? एक आखूड श्वास, दोन लांब, पुन्हा एक आखूड, दोन लांब. अस्सल भुजंगप्रयात! शाळेत मास्तरांनी छड्या मारून शिकवलेलं वृत्त मला खरं कळलं ते तिच्या पायाशी. आणि आता? नुसतं घरघर, घरघर. व्याहीबुवा, अहो, तिचं गद्य झालं होतं हो! तेही सरकारी परिपत्रकातलं. मी बाईंना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "काका, चालते ना? मग कविता तुम्ही करा." म्हणून केल्या दोन ओळी (लघु-गुरू मोजून घ्यावेत, एकही चुकलेला नाही):

निखारा न पोटी, न वाफेस थारा,
तरी ही निघाली, जसा मंद वारा.

बाईंनी त्या पत्र्यावर रंगवून केबिनमध्ये लावल्या आहेत. तेव्हापासून बाईंबद्दल माझं मत बरंच सुधारलं.

तर गेल्या गुरुवारी चाचणीची फेरी होती. मोठे साहेब स्वतः, त्यांचे पाहुणे, दोन डबे भरून चाळीसेक माणसं. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आज जमलं तर ठीक. नाहीतर हिला बागेच्या दाराशी चौथऱ्यावर चढवू आणि चिमणीत फुलझाड लावू." (चिमणीत फुलझाड! मला रात्री दोनदा ते स्वप्न पडलं, त्यात झाडाला पाणी तुम्ही घालत होतात.) गाडी सकाळी नऊची होती. मी पहाटे चारला शेडमध्ये हजर. इंजिन तापायला पाच तास लागतात ना! बाई नऊला दहा कमी असताना आल्या, एक बटण दाबलं, झालं. ते पाच तास मी एका गार इंजिनाशेजारी चहाचा डबा धरून बसलो होतो. पूर्वी डबा भट्टीच्या दारावरच्या फळीवर ठेवला की वाफाळायचा. त्या दिवशी ठेवला, तर चहाला गारठा भरला.

निघालो. बाई मागच्या डब्यात पाहुण्यांना माहिती सांगत, केबिनमध्ये मी एकटा. अर्धा चढ मजेत गेला. मग आपला तो पाण्याचा मनोरा आला, आणि व्याहीबुवा, हात आपोआप ब्रेकवर गेला. एकतीस वर्षं ज्या खांबाशी उभं राहिलो, तिथे न थांबता पुढे जायचं म्हणजे थोरल्यांच्या पाया न पडता जाण्यासारखं. थोरली थांबली. पाहुणे खाली उतरले, फोटो काढू लागले. मनोऱ्याची सोंड खाली आली, टाकीचं पितळी झाकण उघडलं गेलं, सोंडेतून धो धो धार पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीसुद्धा. दृश्यच असं देखणं होतं की कुणालाही आठवू नये की त्या टाकीत आता पाणी नसतं, डिझेल असतं. (जुनं रूप जपायचं म्हणून बाईंनी झाकण तेच ठेवलेलं. बाईंची ही एकच चूक, आणि ती मी त्यांना सांगितलेली नाही.)

तीनशे पावलं गेलो असू. थोरलीला ठसका लागला, उचकी लागली, आणि ती गप्प झाली. मला वाटलं, संपलं. फुलझाड.

पण चढावर गाडी थांबली की काय होतं हे तुम्हाला मी काय सांगावं? ती हळूच मागे यायला लागली. मी हातब्रेकचं चाक धरलं आणि पूर्वी ओल्या रुळांवर उतरवायचो तशी तिला बोटाबोटाने सोडत राहिलो. बॅटरी शाबूत होती म्हणून धूर चालू. शिट्टीच्या हवेच्या टाकीत दाब होता म्हणून वळणावर शिट्टीही घातली. आणि घरघर बंद झाल्यावर काय ऐकू आलं सांगू? रुळांचे सांधे. तिच्या चाकांचे सांध्यांवरचे ठोके, एक आखूड, दोन लांब. एक आखूड, दोन लांब! ती बोलत होती हो, तिच्याच वृत्तात, फक्त उलट्या दिशेने! मी मोठ्याने कविता म्हणायला लागलो. डब्यातले म्हातारे रडत होते, तरुण नाचत होते. थेट फलाटाशी अलगद येऊन टेकली, एक धक्का नाही. साहेब उतरले आणि म्हणाले, "याला म्हणतात वाफेचं इंजिन! परतीच्या उतारावर रोज असंच डिझेल बंद करून आणायचं." चौथरा रद्द. फुलझाड रद्द. मी तिच्या गालाला हात लावला, तर चक्क ऊन लागला. (डिझेलचा असेना का, ताप तो तापच.)

एवढं कळवण्यासाठीच हे पत्र. आपल्याकडे सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि आपला लोभ आहे तो आमच्या चुकांनाही पुरेल अशी आशा.

आपला नम्र,
मुलीकडचा

ता. क. एक क्षुल्लक बाब राहिली. बाईंनी टाकीखालचा नळ सोडला तेव्हा घळाघळा पाणी आलं. साहेबांनी विचारलं, "पाणी कुणी भरलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फायरमनने." अहो, पाणी भरणं हे फायरमनचंच काम! एकतीस वर्षांची जीभ आहे, ती कुणाला विचारून थोडीच हलते? साहेबांनी नाव विचारलं, मी तुमचं दिलं. सोबत एक कागद जोडला आहे. त्यात "टाकीत पाणी मी भरले" एवढंच लिहिलेलं आहे. खाली सही करावी.

पुन्हा ता. क. तुम्ही त्या दिवशी शंभर कोस लांब विहीणबाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होतात हे मला ठाऊक आहे. सूनबाईला हे पत्र दाखवू नये.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात बाई आल्या. त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. माझी बाही कोपरापर्यंत ओली होती म्हणे. जोडलेला कागद त्यांनी फाडला आणि म्हणाल्या, "काका, फायरमनचं नाव अहवालात लागलंच आहे, तर आता त्यांना बोलवाच. काम एकच. मनोरा आला की त्या झाकणावर बसायचं आणि तुम्हाला जवळ येऊ द्यायचं नाही." तेव्हा सोमवारी यावं. गाडी नऊची आहे, पण मी चारपासून शेडमध्येच असेन. चहा गरम राहत नाही, तेव्हा अरे, थर्मास आण.