घळीतलं ऊन

डबो,
२० ऑक्टोबर १९५७

चि. एनिडला अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र पोचलं, क्लेमनं काढलेला घळीचा फोटोही. मला मेलीला त्यात नुसते दगड आणि नेचे दिसले. पण लोकर कातरायला आलेल्या मंडळींना जेवताना दाखवला, तर त्यांचा म्होरक्या म्हणाला की बाई, यात हात घातला तर ओला होईल. मग मीही जरा ताठ बसले. सोळा माणसं आहेत, दोन्ही वेळा मटण रांधून जीव मेटाकुटीला आलाय.

आता ऑगस्टमधलं बोलते. क्लेमला दोन तास उशीर झाला तर तू लगेच पोलिसांकडे धावलीस. चौदा माणसं हातातली कामं टाकून रानात शिरली, खाटकानं दुकान बंद केलं, आणि आमचे चिरंजीव खडकावर बसून उन्हाची वाट बघत सँडविच खात होते! वर पेपरात छापून आलं. चर्चमधल्या बायका अजून मला विचारतात, मुलगा सापडला का म्हणून. तेव्हा बाई, पुन्हा असा बोभाटा करू नकोस. एक दिवस थांबलीस तर आभाळ कोसळणार नाही.

तुम्हा दोघा भावंडांच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आई


ब्लॅकहीथ,
सोमवार, ४ नोव्हेंबर, दुपार

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

क्लेम शनिवारी पहाटे एकटाच घळीत गेलाय. नियमाप्रमाणे चिठ्ठी माझ्याकडे ठेवून गेला. कुठून उतरणार, कुठून वर येणार, आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत परतलो नाही तर पोलिसांना कळव. आज सोमवार उजाडून दुपार झाली, साहेबांचा पत्ता नाही. काल आभाळ भरून येत होतं, रात्री पाऊस पडला, म्हणजे फोटो मनासारखा झाला नसणार आणि तो आजच्या उन्हासाठी थांबला असणार. तिथं तळाशी ऊन दिवसातून एकदाच उतरतं, बाराच्या सुमारास, जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यासाठी हा माणूस जन्म काढेल.

तुझं ऐकलं हो, बोभाटा केला नाही. दोनदा कोट चढवला आणि दोनदा काढून ठेवला. उद्या दुपारपर्यंत आला नाही तर मात्र जाईन, मग तू कितीही रागाव. आता कामाला निघते. औषधाच्या दुकानामागच्या अंधारखोलीत लोकांच्या लग्नांचे रोल धुवायचे पडलेत.

लोभ आहेच, त्यात रागाची भर नको.
तुझी एनिड


डबो,
१९ नोव्हेंबर

चि. एनिडला आशीर्वाद.

काल घरी पोचले. क्लेमच्या दफनाच्या दिवशी तू कबरीच्या एका टोकाला उभी राहिलीस, मी दुसऱ्या.

तुमच्या त्या हवालदारानं स्टेशनवर माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, शनिवारी पडला तेव्हाच सगळं संपलं असणार, त्याला काही कळलंही नसेल. एनिड, त्या एका वाक्यावर मी झोपते. तूही तेच धरून राहा. तसं असेल तर आपण आधी गेलो काय आणि नंतर गेलो काय, फरक पडला नसता.

कॅमेरा शाबूत मिळालाय म्हणालीस. आतला रोल तूच धू, परक्या हातात देऊ नकोस. शेवटचा फोटो पाठव. चौकट करून जेवणाच्या खोलीत लावीन.

जेवत जा.
आई


ब्लॅकहीथ,
२७ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

रोल धुऊन पाच दिवस झाले. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. एकच फोटो पाठवून गप्प बसायचं ठरवलं होतं. पण तू तो लावणार, आणि मी दर सुट्टीत त्याच्यासमोर बसून जेवणार. ते मला जमायचं नाही.

पहिले फोटो उतरतानाचे आहेत. शेवटचे तीन एकाच जागेवरून, अगदी जमिनीलगत घेतलेले. पाय मोडला होता, तो जिथं सापडला तिथूनच. तिन्हींत तीच भिंत, खालच्या ओढ्यातला तोच खडक आणि त्यावर बाराचं ऊन. पहिल्यात खडक कोरडा आहे. दुसऱ्यात पाणी त्याच्या माथ्याला लागलंय, तो रविवार रात्रीचा पाऊस. तिसऱ्यात पाणी ओसरलंय आणि वाहून आलेला ओंडका खडकाला अडकलाय. म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार.

आई, मंगळवारी दुपारी तो जिवंत होता. मी त्याच दिवशी दोन वाजता पोलिसांकडे गेले, माणसं बुधवारी सकाळी पोचली. रविवारी सहाला गेले असते तर सोमवारी सकाळीच पोचली असती.

तिन्ही पाठवते आहे. शिव्या दे, पण उत्तर दे.

एनिड


डबो,
१० डिसेंबर

चि. एनिडला आशीर्वाद.

उत्तराला दिवस लागले. माझी झोप गेली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं की कार्टीनं हे सांगितलं कशाला.

फोटो खिडकीशी नेऊन पाहिले. तिसरा सगळ्यांत चांगला आलाय, हे माझ्यासारखीलाही कळलं. भिंतीवर लावणार नाही. कपाटात माझ्या कपड्यांखाली ठेवलेत.

परवा रविवारी चर्चमध्ये त्या सगळ्या बायकांना उभं राहून सांगितलं की मुलगी जायला निघाली होती, थांब म्हणून मी लिहिलं होतं. एकीनं माझी टोपी सरळ केली.

नाताळला येऊ नकोस. रागानं म्हणत नाही. तू समोर बसलीस की मी विचारीन, सोमवारी का गेली नाहीस. आणि तू माझं नाव घेणार नाहीस, खाली मान घालून बसशील. ते मला सोसायचं नाही. ईस्टरला बघू.

पत्र मात्र दर आठवड्याला टाक. दुकानाचं लिही, हवापाण्याचं लिही, काहीही लिही. शुक्रवारच्या टपालानं आलं नाही, तर मी एक तासही थांबणार नाही. सरळ पोलिसांना फोन करीन, मग चौदा माणसांची कामं खोळंबली तरी चालतील.

तुझी आई