शिकणाऱ्याचं लाकूड

मळवली,
ता. १२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

"शिकणाऱ्याच्या हातात उरलंसुरलं लाकूड देऊ नको." आबा हे म्हणाले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तू लेथवर तुझं पहिलं लाटणं कातत होतास. आठ वर्षांपूर्वी दवाखान्यात मी हेच वाक्य तुझ्या तोंडावर फेकलं आणि पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस म्हणाले. तू ठेवला नाहीस. त्या वाक्याने पत्र सुरू करू नये, हे मला कळतं. पण विचारायचं आहे तेही लाकडाबद्दलच, आणि माझा फोन तू उचलत नाहीस.

अमृताने गेल्या महिन्यात आबांच्या लेथवरची ताडपत्री काढली. एका डोळ्याने पोरीला पटाशीची धार कशी दिसणार, म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बसले. तासाभराने तिने लाटणं आणून माझ्या हातात ठेवलं. आता बचत गटातल्या सहाजणी तिच्याकडे शिकायला येणार आहेत. भोवरे, रव्या, लाटणी. लोणावळ्याच्या दुकानांत खपतील म्हणतात. शिकायला लाकूड म्हणून कोणी कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, कोणी मोडक्या पलंगाचे खूर. तो ढीग बघून मला धडकी भरते. या बायकांना कसलं लाकूड द्यावं? अमृताला विचारलं तर म्हणते, मामाला विचार.

घोरावाडी इथून पाचवं स्टेशन. पत्राला मात्र चार-पाच दिवस लागतील. लाकडापुरता तरी लोभ ठेव.

तुझी,
यशोधरा


घोरावाडी,
२० जानेवारी

चि. यशोधरेस,
जय भीम. पत्र पोचलं.

खोक्याच्या फळ्या चुलीत घाल. आत मोडके खिळे असतात. पलंगाचे खूर बी नको. जुनं सागवान सुकून कडक झालेलं असतं, नवशिक्याची पटाशी त्यावरनं उडते. शिकायला ओलं लाकूड लागतं. बंगल्यांची झाडं छाटतात तेव्हा महिपतीभाऊंना सांगून ठेव, ते राखण करतात तिथं लय झाडी हाय. सिल्व्हर ओक, आंबा, शिरीष, मिळंल ते. पण त्याच आठवड्यात तोडलेलं, सरळ, गाठ नसलेलं. उभं फाडून मधला गाभा काढायचा, म्हंजे तडकत न्हाई. टोकांना मेण लावून सावलीत पोत्याखाली ठेवायचं.

लेथवर चढवण्याआधी दर तुकडा ठोकून ऐकायचा. चीर असली की फुटक्या मडक्यावानी बोलतो. तसला तुकडा बाजूला ठेवायचा न्हाई, जाळायचा.

मी बरा हाय. कंपनीत पॅकिंगला हाय. आणखी काय लिहू.

थोरल्या भावाचा आशीर्वाद.
प्रदीप


मळवली,
ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ खोडलेली होती. मी ती उन्हात धरून वाचली. अमृताला डोळ्यांवर जाड चष्मा लावायला सांग, असं लिहिलं होतंस. लावते, दादा. सातहीजणी लावतात.

महिपतीभाऊंनी दोन बंगल्यांमधली छाटणी टेम्पोत घालून पाठवली. सिल्व्हर ओक आणि थोडा आंबा. ओल्या लाकडाची साल निघाली की लांबलचक फिती सुटतात आणि खोलीभर कैरीसारखा वास येतो. कस्तुराबाई साठीच्या, गुडघे धरलेल्या, पण पहिला भोवरा त्यांचाच झाला. तो काही केल्या उभा राहीना. माझाच आहे, बसल्या जागेवरून उठायचा नाही, म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या खोलीत कोणी हसलं.

त्याच दिवशी सारिकाने कोपऱ्यातला एक सुका तुकडा उचलला आणि अमृताने तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. सगळ्या गेल्यावर ती लेथपाशीच बसून राहिली. मग तिने सांगितलं. तिचा डोळा गेला त्या दिवशी तू तिला लाकूड दिलंच नव्हतंस. तू कामशेतला गेला होतास. बाभळीचा तो तुकडा तिनेच ढिगातून काढला आणि लेथवर चढवला, तो फिरता फिरता फुटला. दवाखान्यात मी विचारलं, हे लाकूड तिला कोणी दिलं, तेव्हा तू म्हणालास, मी दिलं. चौदा वर्षांची पोर भेदरून गप्प राहिली. पुढे घरात तुझं नावच निघेना, तसं बोलणं तिला जड होत गेलं.

दादा, आई गेली तेव्हा तू स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतास. मी तुला पाहिलं होतं. आत ये, एवढे दोन शब्द मी बोलले नाही. आता घरी ये, हे कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहिते.

तुझी,
यशोधरा


घोरावाडी,
२१ फेब्रुवारी

चि. यशोधरेस,
जय भीम.

तिनं सांगायला नको होतं. तुला अर्धंच कळलंय म्हणून लिहितो. आठवडाभर पोर माझ्या मागं होती, मामा, मला चांगलं लाकूड दे. माझी पाळण्याच्या दांड्यांची ऑर्डर चालली होती. नंतर देतो म्हणालो. रोज नंतर. मग तिनं हाताशी होतं ते घेतलं. त्या बाभळीत चीर हाय हे मला ठावं होतं. ठोकून ऐकलं होतं मी. जाळायचा सोडून ढिगात टाकला. मग दिला कुणी? मी दवाखान्यात खोटं बोललो न्हाई.

तुझ्या रागानं मी लांब न्हाई राहिलो. कंपनीत कुठलं बी मशिन घरघरलं की कामशेतवरनं परतलो तवा दिसली तशी ती मला खाली पडलेली दिसते. तिच्यासमोर उभं राहायला जमायचं न्हाई. तिला रागावू नको. मी येणार न्हाई. लाकडाचं काही अडलं तर लिही.

प्रदीप


मळवली,
ता. ३ मार्च

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी लपवलं होतं. अमृताने ते शोधून वाचलं. तरी बायकांना शिकवलं, एकही दिवस चुकवला नाही. काल भाकरी थापताना मला म्हणाली, "आई, माझा एक डोळा गेला. मामाचं तर सगळंच गेलं, आणि मी बघत बसले."

रविवारी ती सकाळच्या गाडीने घोरावाडीला येणार आहे. तुझा पत्ता तिच्यापाशी आहे, पण न बोलावता तुझं दार वाजवायचा आपल्याला हक्क नाही, असं तिचं म्हणणं. फलाटावर बाकावर बसणार आणि दुपारच्या गाडीने परत येणार. मामा यायचा नाही, मी तिला स्पष्ट सांगितलं. माहीत आहे, म्हणाली, आणि साडीला इस्त्री करायला घेतली.

आपल्यातला लोभ मीच तोडला, तो वाढावा असं मी कशी लिहू? तू नाही म्हणशील हे धरूनच विचारते. रविवारी स्टेशनपर्यंत ये. तिच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूला, उजवीकडे, थोडा वेळ नुसता बसून जा.

तुझी,
यशोधरा