जव्हारपलीकडे, उघड्यावर

२८ डिसेंबर ८६, रविवार
मधू डोंबिवलीहून आला होता. सहल ठरली. २४ ते २६ जानेवारी, सोमवारची सुट्टी धरून. मी, मधू, नायर. जीप नायरच्या मेहुण्याची. कारखान्यात इतकी वर्षं तिघं शेजारी उभे राहून काम करतोय, पण एकत्र कधी कुठे गेलो नाही.
मधूचं गाव जव्हारच्याही पुढे, रानात. गावचा ओढा ओलांडला की पूर्वी फिरंग्यांचा मुलूख. म्हणतो, "माझा बाप एक पाय संस्थानात नि एक पोर्तुगालात ठेवून तंबाखू मळायचा. शिपाई आला की पाय उचलायचा फक्त." सुमन हसून हसून दमली. आता तिथे मोठं घर आणि आई, एकटी. मधूच्या शब्दांत, "ओसरीवर आठ माणसं आडवी होतील, वर कुत्रं."
जेवायला सुकट आणि भाकरी. सुमनवहिनीच्या हातची सुकट म्हटलं की मधू लाजत नाही. शेवटची भाकरी तव्यावरूनच उचलली.

४ जानेवारी, रविवार
बेत बदलला. मधू म्हणतो घरात राहायचं नाही. "घरात काय, रोजच झोपतो. ओढ्याकाठी तंबू टाकू. उघड्यावरची हवा काय असते बघ, नामदेवा." नायर लगेच तयार.
मलाही आवडलं. लहानपणी गुरांमागे रानात दिवस काढलेत, पण गरजेने. मजेसाठी रानात जायचं हे सुख पन्नाशीला आलं. तंबूचं काम मी अंगावर घेतलं.

११ जानेवारी, रविवार
कल्याणजवळ मोहने गावी साडूकडे जाऊन आलो. तो मंडपाचं सामान भाड्याने देतो. ताडपत्री बघताना म्हणाला, "लग्नाला गेली, बारशाला गेली. जंगलात पहिल्यांदाच चाललीये. वाघाला पंगतीत बसवणार का, नामदेवराव?"
बसमध्ये कंडक्टर कुरकुरला, आणली तशीच. कॉलनीच्या गच्चीवर पसरून पाहिली. दोन ठिकाणी फाटलेली. दाभण घेऊन शिवत बसलो, ऊन पाठीवर. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

१५ जानेवारी, गुरुवार, पौर्णिमा
कामावरून परस्पर विहारात. वंदनेनंतर बराच वेळ डोळे मिटून बसलो. फिरंग्यांची हद्द डोक्यात. त्या ओढ्यावर माणसं पहारा करत होती, कागद तपासत होती. आज तिथे काही नाही म्हणे. मग ते एवढं खरं कसं वाटत असेल त्यांना, तेव्हा?

१६ जानेवारी, शुक्रवार
डब्याच्या सुट्टीत मधू साहेबांकडे गेलेला. नायर म्हणाला, "नामदेवजी, स्वेटर दोन घ्या. थंडी भरपूर. मी बोललो मधूला, घरमध्येच झोपू. पर वो बोला मदर ओल्ड टाइपची आहे, तुमचं कळलं तर वांधा होईल. इसलिए टेंट. तुम्हाला सांगितलं असेल ना त्याने?"
म्हटलं, हो.
का म्हटलं? नायरचं तोंड पडू नये म्हणून. मधू परत आला, माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली, चावत विचारलं, "काय रे, ताडपत्री शिवून झाली?"
झाली म्हणालो.

१७ जानेवारी
सकाळी पंचशील म्हणताना चौथ्यावर अडलो. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. पुढे जाता येईना. सुमनला वाटलं खोकला आलाय.
मी स्वतःच्या हाताने शिवली. स्वतःच्या हाताने. आणि वर आनंदाने.
चौथीपर्यंत गावच्या शाळेच्या ओटीवर बसलो. मास्तर खिडकीतून शिकवायचे. उघड्यावरची हवा चांगली असते हे तेव्हा मला कुणी...

१८ जानेवारी, रविवार
सुमनला सांगितलं. वाटलं होतं रडेल. तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "माझ्या हातची सुकट त्याच्या पोटाला चालते. तुमची पाठ त्याच्या ओसरीला चालत नाही."
मग म्हणाली, जाऊ नका.
थोड्या वेळाने म्हणाली, जा.
"नक्की काय?"
"तुम्ही नाही गेलात तर तो सांगेल नामदेवला ताप आला. सगळे बिचारा म्हणतील. नि त्याची आई तशीच्या तशी राहील, न विचारलेली."
न विचारलेली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार
मधूला कँटीनच्या मागे गाठलं. जसं झालं तसं लिहितो.
"तंबू माझ्यामुळे?"
आधी हसला. मग नायरला शिवी दिली. मग म्हणाला, "तुला वाईट वाटू नये म्हणून तर केलं रे सगळं."
"आईला विचारलंस?"
"विचारायचं काय? माझी आई आहे. मला माहितीये."
"म्हणजे नाही विचारलंस."
"अरे, मी मानतो का काही? तुझ्या ताटात जेवतो मी!"
हे तो फार मोठ्याने म्हणाला. जसं काही मी पावती फाडायला हवी होती. माझा हात उठला होता. खरंच उठला होता. खिशात घातला.
शेवटी म्हणतो, "बरं, घरातच राहू. नुसतं नामदेव सांगू. आडनाव कोण विचारतंय?"
मी निघून आलो. दुपारभर त्याच्या शेजारी उभा होतो. यंत्राचा आवाज होता हे बरं.

२१ जानेवारी, बुधवार
राग उतरत नाही. मैत्रीभावनेच्या ध्यानाला बसलो. आधी स्वतःसाठी, मग जवळच्यांसाठी, मग मित्रासाठी, असा क्रम. मित्रापाशी आलो की मन उठून उभं राहतं. शत्रूसाठी सोपं आहे. शत्रूने माझ्या घरचं खाल्लेलं नसतं.
मधूने नायरच्या तोंडून निरोप पाठवला, जव्हार सोडू, माथेरानला जाऊ, तिकडे हॉटेलं आहेत. शेजारी उभा असून निरोप! नायर बिचारा कानकोंडा. "माझ्यामुळे झालं ना हे? माझी मराठी खराब." मी म्हटलं, तुझीच मराठी बरी, जे आहे ते बोललास.
माथेरान नाही. जव्हारच. त्याच गावी, त्याच घरी.

२२ जानेवारी, गुरुवार
ताडपत्री मोहन्याला पोचवून आलो. साडू म्हणाला, "एवढ्यात? अजून गेलाच नाहीत ना?" भाडं परत देत होता, घेतलं नाही. टाके बघून म्हणाला, छान शिवलीये. तेही ऐकवेना.
सुमनला सांगितलं. म्हणाली, मधूला बोललात? नाही बोललो. बोललो असतो तर त्याने दुसरी आणली असती.
आता निजायला घर तरी, नाहीतर जीपची सीट.

२४ जानेवारी, शनिवार. विक्रमगड, चहाचं हॉटेल
ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर जीप आली. नायरने माझी एक पिशवी पाहिली. "ताडपत्री किधर?"
"परत केली."
"मग झोपायचं कुठे?"
"मधूच्या घरी."
मधूने वळून पाहिलंही नाही. गिअर टाकला. कशेळीचा पूल, भिवंडी, वाडा मागे पडलं. वाड्याच्या पुढे रान दाट झालं. निम्मी पानं गळलेला साग, मधूनच एखादा शेवरीचा पांढरा बुंधा. सुंदर आहे. इतक्या रागातही ते दिसतंय, याचाही राग आला.
नायर गाडीत पाणी घालतोय. मधू समोर बसून मी लिहितोय ते बघत होता. काय लिहितोस विचारलं नाही. मग म्हणाला, "आधी मी एकटा आत जातो. आईशी बोलतो. मग तुला हाक मारतो."
"तोपर्यंत मी बाहेर थांबू?"
त्याने चहाचा घोट घेतला.
"दोघं जाऊ. मी नमस्कार करीन, पूर्ण नाव सांगीन. गाव, आडनाव, सगळं."
"आणि ती नको म्हणाली तर?"
"तर माझ्याकडे बघून म्हणेल. तिच्या वतीने तू म्हणायचं नाहीस."
"सत्तरीची आहे रे ती, नामदेवा."
"मीही पन्नाशीला आलो, मधू."
त्याने चहा अर्धा तसाच ठेवला. किल्ली घेऊन उठला. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज येतोय, मागेपुढे करतोय, रस्त्यावर काढतोय. तोंड जव्हारकडे करतो की ठाण्याकडे, ते मी मान वर करून पाहत नाही. हे वाक्य पुरं झालं की उठेन.