'फाइन' या शब्दाची मालकी

मी, खाली सही करणारी, गल्लीत 'डिक्शनरीवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, डोके जागेवर असताना (नणंदेचे मत वेगळे आहे), कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर निव्वळ आनंदाच्या भरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचे काल फाडले. फाडताना फार बरे वाटले!

कलम १. घराचा वरचा मजला माझा, खालचा नणंदेचा. वरचा मी भाच्याला लिहून दिला होता, तो केवळ वन्संना डिवचायला. आता तो माझ्या पश्चात वन्संना मिळावा. भाच्याने नाक मुरडू नये, त्याला कपाट दिले आहे.

कलम २. आम्ही नणंद-भावजयीने उभा जन्म रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांचा कोश करण्यात घालवला. नियम एकच: उदाहरणाचे वाक्य मनाने रचायचे नाही, कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलेच घ्यायचे. त्यापायी बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत कान टवकारून बसलो. 'अ‍ॅडजस्ट' भाजीवालीने दिला. 'टेन्शन' तर ज्याने त्याने फुकट दिले. ही सगळी कार्डे, खोक्यांसकट, वन्संची.

कलम ३. फाडलेल्या मृत्युपत्रात यातून 'फाइन'चे कार्ड वगळले होते, कारण त्यावरूनच आमचे फाटले. वन्संनी अर्थ लिहिला, 'ठीक, बरे'. मी खाली लिहिले, 'बरे नाही, पण आत येऊ नका'. त्यांनी लाल शाईने काट मारून विचारले, 'पुरावा?' तेव्हापासून अबोला. कार्डे जिन्यावर ठेवायची आणि निघून जायचे.

गेल्या आठवड्यात खालच्या न्हाणीघरात धाडकन आवाज झाला. मी धावले. दाराला आतून कडी.

"वन्सं, काय झालं?"

"आय अ‍ॅम फाइन!"

 शेजारच्या सुताराला ओढत आणले. तो म्हणाला, "अहो, बऱ्या आहेत म्हणतात ना त्या?"

"म्हणूनच तोड दार!"

वन्सं फरशीवर पडलेल्या, मांडीचे हाड मोडलेले, ओठ पांढरेफटक. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होते. स्ट्रेचरवरून त्यांनी माझा हात घट्ट धरला. "वहिनी, कार्ड लिहा. तुमचाच अर्थ. पुरावा मिळाला."

मी जिंकले! आणि त्या जगल्या! यातले दुसरे जास्त मोलाचे आहे, हे इथे कायद्याने नोंदवते. 'फाइन'चे कार्डही आता वन्संचे.

कलम ४. सुताराला माझे लिहिण्याचे टेबल. टेबलाचा एक पाय डुगडुगतो, पण तो त्यानेच बसवला आहे, तेव्हा केले तसे भोगावे.

वरील मजकूर मला मान्य आहे, आणि पुन्हा बदलायची इच्छा नाही.

सही: डिक्शनरीवाल्या बाई
साक्षीदार: १. वॉर्डबॉय २. वॉर्डातल्या सिस्टर
स्थळ: हाडांच्या वॉर्डाबाहेरचे बाकडे
दिनांक: ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस

ता. क. वन्संनाही साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये. आत जाऊन त्यांना तसे सांगितले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"फाइन," म्हणाल्या.

तरी कागदपत्रे वकिलांनी घेऊन जावीत. मी आत त्यांच्याजवळ बसले आहे.